लोकसभेचे पहिले अध्यक्ष : दादासाहेब मावळंकर



सामान्यज्ञानाच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास विचारला जातो : लोकसभेचे पहिले अध्यक्ष कोण? उत्तर सर्वांना पाठ असते, गणेश वासुदेव मावळंकर. एक गुण मिळतो आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. परंतु आपल्या शाळेच्या दृष्टीने या नावाचे मोल एका गुणापेक्षा पुष्कळ जास्त आहे. मावळंकरांचे घराणे कोकणातले, घरची भाषा मराठी आणि सारे आयुष्य गेले ते गुजरातमध्ये. अहमदाबादच्या लोकांनी त्यांना आधी नगरपालिकेत पाठवले, मग मुंबईच्या विधानसभेत आणि शेवटी दिल्लीला लोकसभेत पाठवले. सुरतेत पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांनी हा माणूस नीट ओळखावा, म्हणून या अंकात हा पाठ देत आहे. पाठाच्या शेवटी आपल्या शालेय संसदेविषयी एक सूचना मांडली आहे. ती पालकांनी आणि विश्वस्तांनी अवश्य वाचावी.

कोकणचे घराणे, गुजरातची कर्मभूमी

मावळंकर हे आडनाव रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे या गावावरून आले. गणेश वासुदेव यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्याला झाला. सुरुवातीचे शिक्षण राजापूर व इतर ठिकाणी झाले. १९०२ मध्ये ते पुढील शिक्षणासाठी अहमदाबादला आले आणि तेथूनच त्यांचे गुजरातशी कायमचे नाते जुळले. १९०८ मध्ये गुजरात कॉलेजातून ते बी. ए. झाले. नंतर मुंबईला कायद्याचा अभ्यास करून १९१२ मध्ये ती परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. १९१३ पासून त्यांनी अहमदाबादला वकिली सुरू केली. लोक त्यांना आदराने दादासाहेब म्हणू लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या काळी आजचे गुजरात राज्य नव्हते आणि महाराष्ट्र राज्यही नव्हते. दोन्हीकडचा बराच भाग मुंबई इलाख्यात होता. ही दोन राज्ये १ मे १९६० रोजी वेगळी झाली. त्यामुळे मराठी माणूस अहमदाबादला जाऊन राहिला, यात कायद्याच्या दृष्टीने काही अडचण नव्हती. परंतु ज्या शहरात बाजार, कचेरी, शेजार सगळे गुजराती, तेथे लोकांचा विश्वास मिळवणे हे त्या काळीही सोपे नव्हते. तो दादासाहेबांनी कामातून मिळवला.

वकिली सुरू केली त्याच वर्षी ते गुजरात एज्युकेशन सोसायटीचे चिटणीस झाले. १९१६ मध्ये गुजरात सभेचे चिटणीस झाले. ही सभा म्हणजे त्या काळातील लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी संस्था. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात पीक बुडाले असताना सरकारने शेतसाऱ्याची वसुली चालू ठेवली, तेव्हा गांधीजी आणि वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्या कामात दादासाहेब होते. दुष्काळाच्या मदतकार्यात होते. १९२७ मध्ये गुजरातेत मोठा पूर आला, तेव्हाच्या मदतकार्यातही होते. १९२१ मध्ये अहमदाबादला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच्या स्वागत समितीचे ते सरचिटणीस होते. पाहुण्यांची व्यवस्था, मंडप, पाणी, हिशेब, ही सगळी घरच्या माणसाची कामे असतात. ती ज्यांच्यावर सोपवली जातात, त्यांना कोणी परके समजत नाही.

नगरपालिका : पहिली पायरी

१९१९ मध्ये दादासाहेब प्रथमच अहमदाबाद नगरपालिकेवर निवडून आले. त्यानंतर मधले काही काळ सोडले तर १९३७ पर्यंत ते नगरपालिकेत होते. १९३० ते १९३३ आणि पुन्हा १९३५-३६ मध्ये ते नगरपालिकेचे अध्यक्ष होते. याच नगरपालिकेत १९२४ ते १९२८ या काळात वल्लभभाई पटेल अध्यक्ष होते. म्हणजे देशाचे भावी उपपंतप्रधान आणि लोकसभेचे भावी अध्यक्ष हे दोघेही गटार, नळ, रस्ता आणि दिवाबत्ती या विषयांवर बोलत बोलत तयार झाले.

मोठ्या पदाची सुरुवात गावच्या कामापासून व्हावी, हा विचार इतर देशांतही आहे. फ्रान्सचे उदाहरण घ्या. तेथील राष्ट्रीय सभेत ५७७ सदस्य असतात. त्यांपैकी अनेक जण पूर्वी आपल्या गावाचे किंवा शहराचे नगराध्यक्षही असत. खासदार व नगराध्यक्ष ही दोन्ही पदे एकाच माणसाकडे असणे तेथे अगदी नेहमीचे होते. पुढे एका माणसाने दोन्हीकडे लक्ष कसे द्यायचे, असा प्रश्न आला आणि २०१७ पासून एकाच वेळी ही दोन्ही पदे ठेवण्यास कायद्याने मनाई झाली. तरीही नगरपालिकेत शिकून संसदेत जाणे ही वाट मात्र तेथे आजही मानाची आहे.

आपल्या कोसाडलाही हे लागू आहे. २००६ मध्ये सुरत महानगरपालिकेची हद्द वाढली आणि कोसाड शहरात सामील झाले. तेव्हापासून आपल्या गल्लीतील नळाचा, रस्त्याचा, बागेचा प्रश्न महानगरपालिकेच्या सभागृहात जाऊ शकतो. तो तेथे जायचा तर तो नीट लिहून, योग्य ठिकाणी देणारा नागरिक लागतो. असा नागरिक घडवणे हे नागरिकशास्त्राच्या तासाचे खरे काम आहे.

तुरुंगातील वर्षे आणि एक पुस्तक

स्वातंत्र्याच्या चळवळीत दादासाहेबांना अनेक वेळा तुरुंगवास झाला. एकूण सुमारे सहा वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. तेथे त्यांच्यासोबत केवळ राजकीय कैदी नव्हते. खून, दरोडे अशा गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगणारे कैदीही होते. दादासाहेब वकील होते. कैद्यांशी बोलताना त्यांनी प्रत्येकाची हकीकत ऐकून घेतली. गुन्हेगार ठरलेल्या माणसाच्या मनातही चांगुलपणाचा झरा असतो, हे त्यांना जाणवले. या अनुभवांवर त्यांनी ‘मानवतानां झरणां’ हे पुस्तक लिहिले. गांधीजींच्या आठवणींचे ‘संस्मरणो’ हे त्यांचे आणखी एक पुस्तक आहे.

विद्यार्थ्यांनो, ही पुस्तके गुजराती भाषेत आहेत. मराठी घरात वाढलेल्या माणसाने आपल्या मनातील सर्वांत जिव्हाळ्याचे अनुभव गुजरातीत लिहिले, कारण ज्या कैद्यांचे ते होते आणि ज्या वाचकांसाठी ते होते, ते गुजराती होते. म्हणून कोणी गुजरातीच्या तासाला मागच्या बाकावर बसून वेळ काढू नये. २०२३ च्या कायद्याने गुजरातमधील शाळांत पहिली ते आठवीपर्यंत गुजराती शिकवणे सक्तीचे झाले आहे. पण केवळ सक्ती आहे म्हणून शिकलेली भाषा गुणपत्रिकेपुरती राहते. ज्यांच्या शेजारी राहायचे त्यांचे म्हणणे समजावे म्हणून शिकलेली भाषा आयुष्यभर उपयोगी पडते. घरात मराठी आणि बाहेर गुजराती, दोन्ही चांगल्या हव्यात. एकीमुळे दुसरी कमी होत नाही. माझे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तरी मराठी सुटली नाही, हे अनुभवाने सांगतो.

तीन मतांनी मिळालेली खुर्ची

१९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. दादासाहेब अहमदाबादहून निवडून आले आणि विधानसभेचे अध्यक्ष झाले. येथून पुढे त्यांच्या जीवनाला वेगळे वळण लागले. ते मंत्री झाले नाहीत. सभागृह चालवणारे झाले.

१९४६ च्या जानेवारीत दिल्लीला केंद्रीय विधानसभेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. त्या वेळी देशात इंग्रजांचे राज्य होते. सभागृहात काही सदस्य निवडून आलेले, तर काही सरकारने नेमलेले असत. दादासाहेबांच्या विरुद्ध सर कावसजी जहांगीर उभे होते. २४ जानेवारीला मतदान झाले. दादासाहेबांना ६६ मते आणि कावसजींना ६३ मते मिळाली. फक्त तीन मतांचा फरक! म्हणजे जवळजवळ निम्म्या सभागृहाने त्यांना मत दिलेले नव्हते. आणि त्याच निम्म्या सभागृहाला दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडून न्याय मिळायला हवा होता. अध्यक्षपदाची खरी परीक्षा येथे असते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला आणि जुनी केंद्रीय विधानसभा संपली. घटना तयार करणारी संविधान सभाच कायदे करण्याचे कामही पाहू लागली. ही दोन कामे वेगळी ठेवावीत की एकत्र, हे ठरवण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष दादासाहेब होते. दोन्ही कामे वेगवेगळ्या बैठकांत करावीत असे ठरले. घटना तयार करताना डॉ. राजेंद्रप्रसाद अध्यक्षस्थानी असत. कायदे करणाऱ्या बैठकीचे अध्यक्ष म्हणून १७ नोव्हेंबर १९४७ रोजी दादासाहेबांची निवड झाली. २६ जानेवारी १९५० पासून हंगामी संसद अस्तित्वात आली, तिचेही ते अध्यक्ष राहिले.

१९५२ : दोन्ही उमेदवार मराठी

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. लोकसभेच्या ४८९ जागांसाठी मतदान झाले. दादासाहेब अहमदाबादमधून निवडून आले. १५ मे १९५२ रोजी लोकसभेने अध्यक्षाची निवड केली. काँग्रेसकडे मोठे बहुमत होते, तरी विरोधकांनी आपला उमेदवार उभा केला. ते होते शंकर शांताराम मोरे, शेतकरी कामगार पक्षाचे, सोलापूरकडून निवडून आलेले. दादासाहेबांच्या बाजूने ३९४ आणि विरुद्ध ५५ मते पडली. लोकसभेच्या पहिल्याच अध्यक्षपदासाठी उभे राहिलेले दोन्ही उमेदवार मराठी भाषिक होते, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. एक अहमदाबादचा, दुसरा सोलापूरचा. भाषा एक, पक्ष वेगळे. आणि या निवडणुकीत मोरे यांनी स्वतःचे मत मावळंकरांना दिले. प्रतिस्पर्ध्याने प्रतिस्पर्ध्याला मत द्यावे, हा संसदीय शिष्टाचार त्यांनी पाळला. हरणारा कसा असावा, याचा धडा मोरे यांनी दिला. जिंकणारा कसा असावा, याचा धडा पुढील चार वर्षांत दादासाहेबांनी दिला.

अध्यक्ष नेमके काय करतात?

अनेक विद्यार्थी अध्यक्ष म्हणजे ‘शांत बसा’ असे सांगणारे गृहस्थ, असे समजतात. टीव्हीवर तेवढेच दिसते. प्रत्यक्षात काम बरेच मोठे आहे. कोणाला बोलायला द्यायचे, किती वेळ द्यायचा, कोणता प्रश्न स्वीकारायचा, कोणता ठराव नियमात बसतो, हे अध्यक्ष ठरवतात. घटनेच्या अनुच्छेद १०० प्रमाणे ते एरवी मत देत नाहीत. दोन्ही बाजूंना समान मते पडली तरच त्यांना निर्णायक मत देण्याचा अधिकार असतो.

आज आपण ज्याला संसदीय पद्धत म्हणतो, तिची बरीचशी घडी दादासाहेबांच्या काळात बसली. त्यांतील मुख्य गोष्टी अशा :

१. प्रश्नोत्तराचा तास : सदस्यांनी मंत्र्यांना प्रश्न विचारायचे आणि मंत्र्यांनी उत्तर द्यायचे, या तासाला त्यांनी कामकाजात पक्के स्थान दिले. उत्तर अपुरे वाटले तर त्या विषयावर अर्धा तास चर्चा करण्याची सोयही झाली.

२. कामकाज सल्लागार समिती : कोणत्या विषयाला किती वेळ द्यायचा हे सरकारने एकट्याने न ठरवता सर्व पक्षांच्या सदस्यांनी मिळून ठरवावे, यासाठी १९५२ मध्ये ही समिती झाली.

३. सरकारी आश्वासन समिती : मंत्री सभागृहात ‘चौकशी करू’, ‘लवकरच करू’ असे सांगतात. पुढे ते होते का? हे तपासणारी समिती १ डिसेंबर १९५३ रोजी स्थापन झाली. दिलेला शब्द कागदावर नोंदवायचा आणि पाळला की नाही ते पाहायचे, इतकी साधी कल्पना.

४. खाजगी सदस्यांच्या विधेयकांची समिती : जे मंत्री नाहीत, अशा सदस्यांनाही कायद्याचा मसुदा मांडता येतो. त्यांना वेळ मिळावा म्हणून हीही समिती १९५३ मध्येच झाली.

या चारही गोष्टींत एक समान सूत्र दिसते. बहुमत ज्यांच्याकडे आहे त्यांचे काम कसेही होतेच. नियम लागतात ते ज्यांच्याकडे बहुमत नाही त्यांच्यासाठी.

हंगामी संसदेच्या काळात १९५१ मध्ये एच. जी. मुदगल या सदस्यावर मुंबईच्या सराफी व्यापाऱ्यांच्या एका संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिचे काम केल्याचा आरोप झाला. सभागृहाच्या समितीने चौकशी केली. आरोप खरा ठरला आणि मुदगल यांना सदस्यत्व सोडावे लागले. ते सत्ताधारी पक्षाचे होते, तरी सभागृहाने गय केली नाही.

सरकारलाही दादासाहेबांनी सुनावले आहे. संसदेची बैठक चालू नसताना तातडीची गरज पडली तर राष्ट्रपती वटहुकूम काढू शकतात. परंतु सरकार वारंवार वटहुकूम काढू लागले, तर संसदेला अर्थ उरत नाही. वटहुकुमाचा मार्ग लोकशाहीला धरून नाही, तो अगदी निकडीच्या वेळीच वापरावा, असे त्यांनी १९५० मध्ये पंतप्रधान पंडित नेहरूंना पत्र लिहून कळवले. आपण विचाराने काँग्रेसचे आहोत हे ते लपवत नसत. पण अध्यक्ष म्हणून आपण सर्व सभागृहाचे आहोत, ही भूमिका त्यांनी सोडली नाही.

खुर्चीवरच ठराव

१८ डिसेंबर १९५४ हा दिवस लोकसभेच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. त्या दिवशी विरोधी सदस्यांनी खुद्द अध्यक्ष मावळंकर यांना पदावरून दूर करण्याचा ठराव मांडला. अध्यक्ष निःपक्षपाती राहिलेले नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता.

आता विचार करा. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, तोच खुर्चीवर बसून तक्रार ऐकू लागला तर न्याय कसा होणार? आपल्या घटनाकारांनी याचा आधीच विचार करून ठेवला आहे. अनुच्छेद ९४ प्रमाणे असा ठराव आणण्यासाठी चौदा दिवसांची आगाऊ सूचना द्यावी लागते. अनुच्छेद ९६ प्रमाणे ठरावावर चर्चा चालू असताना अध्यक्षांना अध्यक्षस्थानी बसता येत नाही. त्यांना चर्चेत भाग घेता येतो, आपली बाजू मांडता येते, पण खुर्ची दुसऱ्याला द्यावी लागते. दादासाहेबांच्या बाबतीत हेच झाले. पंडित नेहरूंनी आपल्या पक्षाच्या सदस्यांना सांगितले की येथे पक्षाचा आदेश मानू नका, आपापल्या बुद्धीने विचार करा. चर्चा झाली आणि ठराव फेटाळला गेला.

विरोधकांचा आक्षेप बरोबर होता की चूक, यावर आजही अभ्यासक बोलू शकतात. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की देशाच्या सर्वोच्च सभागृहाच्या अध्यक्षावर उघडपणे, त्याच सभागृहात टीका झाली आणि ती सर्वांनी ऐकून घेतली. ठराव मांडणाऱ्यांना कोणी देशाचे शत्रू म्हटले नाही. नवीन लोकशाहीसाठी हा मोठा दिवस होता.

इंग्लंडमध्ये अध्यक्ष निवडून आला की तो आपला पक्ष सोडतो, आणि पुढच्या निवडणुकीत मोठे पक्ष बहुधा त्याच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत. आपल्याकडे १९२५ मध्ये विठ्ठलभाई पटेल केंद्रीय विधानसभेचे पहिले निर्वाचित भारतीय अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनीही आपला स्वराज्य पक्ष सोडला होता. दादासाहेबांनाही इंग्लंडसारखी प्रथा हळूहळू आपल्याकडे यावी असे वाटे. ती पूर्णपणे आली नाही. म्हणून आपल्याकडे सगळा भार त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाच्या स्वभावावर पडतो.

अखेर आणि पुढची पिढी

१९५६ च्या सुरुवातीला दादासाहेबांना हृदयविकाराचा त्रास झाला आणि २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादला त्यांचे निधन झाले. पंडित नेहरूंनी त्यांना लोकसभेचे जनक म्हटले. त्यांच्या जागी झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सुशीलाबाई लोकसभेवर निवडून आल्या. त्यांचे चिरंजीव पुरुषोत्तम मावळंकर हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते. १९७२ मध्ये ते अहमदाबादहून अपक्ष म्हणून आणि १९७७ मध्ये गांधीनगरहून लोकसभेवर गेले. आणीबाणीच्या काळात त्यांनी संसदेत उभे राहून तिला विरोध केला.

गुजरातमध्ये मराठी माणसाला लोकांनी निवडून देण्याची ही परंपरा तेथेच संपली नाही. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले चंद्रकांत रघुनाथ पाटील आपल्या शेजारच्या नवसारी मतदारसंघातून २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा चारही निवडणुकांत लोकसभेवर गेले. पक्षाची निवड ज्याने त्याने करावी, शाळेचा तो विषय नाही. परंतु ‘आपण येथे बाहेरचे, आपले कोण ऐकणार’ असे पालकसभेत अधूनमधून ऐकू येते, त्याला ही उदाहरणे उत्तर आहेत.

पालकांसाठी

आपल्यापैकी बहुतेकांची मूळ गावे जळगाव, धुळे, नंदुरबारकडची आहेत. तिकडून वाहत येणारी तापीच सुरतेत समुद्राला मिळते. काही कुटुंबांची मतदार यादीतील नावे अजून गावीच आहेत. राहतो, कमावतो, मुले शिकवतो कोसाडला आणि मत मात्र गावी! कायद्याप्रमाणे मतदाराचे नाव तो नेहमी राहतो त्या ठिकाणी, आणि एकाच ठिकाणी असायला हवे. पत्ता बदलून नाव येथे आणायचे असेल तर फॉर्म ८ भरावा लागतो. घरातील अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनी नवीन नोंदणीसाठी फॉर्म ६ भरावा. गावाशी नाते मतदार यादीने राहत नाही, ते लग्नकार्याने, शेतीने आणि येण्याजाण्याने राहते. ज्या गल्लीत पावसाचे पाणी आपल्या दारात येते, त्या गल्लीचा नगरसेवक निवडताना आपले मत असायला हवे.

आणि उमेदवार पाहताना ‘तो आपल्यातला आहे का’ एवढेच विचारू नये. मावळंकर आणि मोरे दोघेही आपल्यातलेच होते, तरी सभागृहाला एक निवडावा लागला. ज्याने आपल्याला मत दिले नाही, त्याचे काम तो करील का, हा प्रश्न विचारावा.

विश्वस्तांपुढे सूचना

आपल्या शालेय संसदेत विद्यार्थी मत देऊन मुख्य प्रतिनिधी निवडतात. बैठकही तोच चालवतो. त्यामुळे जिंकलेल्या गटाची मुले बोलतात आणि हरलेल्या गटाची मुले दुसऱ्या बैठकीपासून गप्प बसतात, काही तर येतच नाहीत. मुलींच्या बाबतीत हे जास्त घडते. येत्या सत्रापासून पुढील बदल करावेत, अशी माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे :

१. बैठक चालवण्यासाठी वेगळा अध्यक्ष किंवा अध्यक्षा सर्व सदस्यांनी निवडावी. निवड झाल्यावर त्या विद्यार्थ्याने कोणत्याही गटाचा प्रचार करू नये.

२. प्रत्येक बैठकीची सुरुवात प्रश्नोत्तरांनी व्हावी. पहिला प्रश्न विचारण्याचा मान निवडणूक हरलेल्या गटाला द्यावा.

३. आश्वासनांची एक नोंदवही ठेवावी. पाण्याची टाकी धुणे, ग्रंथालयाची वेळ वाढवणे, खेळाचे साहित्य, जे जे ‘करू’ म्हटले ते तारखेसह लिहावे आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवावे. मुख्याध्यापक म्हणून मी दिलेली आश्वासनेही याच वहीत लिहावीत.

४. अध्यक्षाविरुद्ध तक्रार आली तर त्या चर्चेपुरती खुर्ची उपाध्यक्षाकडे द्यावी.

पालकसभेतही दुसरी आणि तिसरी सूचना लागू करता येईल. प्रश्न माझ्या कामाबद्दल असेल तर तोही विचारला जावा आणि माझे उत्तर त्या वहीत राहावे. यासाठी शाळेला पैसा लागणार नाही. एक दोनशे पानी वही आणि एक जास्तीची खुर्ची पुरेशी आहे.

स्वाध्याय

१. १९४६ च्या निवडणुकीत मावळंकरांना किती मतांचे आधिक्य मिळाले? इतक्या थोड्या फरकाने निवडून आलेल्या अध्यक्षाची जबाबदारी कोणती, ते पाच ओळींत लिहा.

२. अनुच्छेद ९६ मधील नियम आपल्या शब्दांत सांगा. असा नियम नसता तर काय झाले असते?

३. सरकारी आश्वासन समिती कशासाठी आहे? आपल्या घरात, गल्लीत किंवा शाळेत कोणी दिलेले आणि अजून पूर्ण न झालेले एक आश्वासन लिहा.

४. शंकर शांताराम मोरे यांनी आपले मत प्रतिस्पर्ध्याला दिले. वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत तुम्ही असे कराल का? कारण द्या.

५. उपक्रम : आपल्या गल्लीतील एक सार्वजनिक अडचण निवडा. महानगरपालिकेला द्यायचा अर्ज गुजरातीत लिहा आणि त्याचा मराठी अनुवाद घरी आजी-आजोबांना वाचून दाखवा. उत्तम अर्ज पुढील अंकात छापले जातील.

— मुख्याध्यापक